ठमाबाईची लाल बाटली

बोर्ली पंचतनच्या एस.टी. स्टँडासमोरच्या मेडिकलमध्ये खोकल्याचं औषध मागायला गेलात, तर औषधाआधी प्रश्न हातात पडतो. "सुका की ओला?" विचारणारी रुचिता काउंटरच्या पलीकडे उभी असते. उभीच असते, कारण तिच्यासाठी ठेवलेल्या स्टुलावर गेली कित्येक वर्षं सलाइनची खोकी बसली आहेत. तुम्ही "साधाच आहे हो" म्हणून सुटायला बघितलंत, तर पुढचे प्रश्न येतात. छातीत घरघर आहे का? बेडका पडतो का? पडतो तर पांढरा की पिवळा? चारचौघांत बेडक्याचा रंग सांगायला भल्याभल्यांना संकोच वाटतो. रुचिताला विचारायला वाटत नाही.

दुकानाच्या डाव्या अंगाला मासळी बाजार आहे. या गावात सुक्या-ओल्याची चौकशी आजवर म्हावऱ्यापुरतीच व्हायची, तेव्हा लोकांनी या बाईचं नाव काय ठेवलं असेल ते सांगायला नको. रिक्षावाले सरळ "सुकं-वलं मेडिकल" म्हणूनच माणसं उतरवतात. मालक गणराजशेठांनी हौसेनं रंगवून घेतलेली पाटी वर आहे, ती कुणी वाचत नाही. शेठांना याचा राग येतो. रुचिताला येत नाही. राग धरून बसायचं म्हटलं तरी आधी बसावं लागतं.

एका जागी थांबणं तिच्या पत्रिकेतच नाही. जन्मली तीच म्हसळ्याच्या दवाखान्याच्या वाटेवर, टेम्पोत. आई सांगायची, दवाखाना दोन वळणांवर राहिला होता, पण कार्टीला तेवढाही दम निघाला नाही. शाळेत सगळ्यांच्या आधी पेपर देऊन बाहेर पडायची आणि मग राहून गेलेला प्रश्न आठवला की वर्गाच्या खिडकीपाशी घिरट्या घालायची. फार्मसीचा डिप्लोमा झाला, परेशशी लग्न झालं. परेश उरणला कंटेनरच्या यार्डात कामाला आहे, पंधरवड्यातून एकदा घरी येतो. तो म्हणतो, हिच्याशी दोन शब्द बोलायचे तर हिच्या मागोमाग ओटा, मोरी, अंगण अशी फेरी मारावी लागते.

दुकानात मात्र या स्वभावाचं कौतुक होतं. गिऱ्हाईक खिशातली चिठ्ठी उलगडेपर्यंत हिने डॉक्टरचं अक्षर उलटं वाचून गोळ्या काढलेल्या असायच्या. शेठ आल्यागेल्याला सांगायचे, आमच्या रुचिताचा हात म्हणजे मशीन. तिला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, फारच आवडायचं. चार वर्षांपूर्वी, गणपती जाऊन आठवडा झाला असताना, एका सोमवारी संध्याकाळी हा मशीनचा हात जरा जास्तच चालला.

त्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गणपतीला आलेले मुंबईकर परत गेले होते आणि जाताना घरोघरी आपापला खोकला ठेवून गेले होते. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. साडेपाचची गाडी स्टँडात लागली होती, कंडक्टर घंटी मारत होता आणि एक चाळिशीचा माणूस एक पाय दुकानाच्या पायरीवर, एक पाय रस्त्यावर असा येऊन उभा राहिला. खांद्यावर गुराला बांधायच्या नव्या दाव्याचं भेंडोळं होतं.

"ताई, कफ शिरप द्या लवकर. म्हातारीचा खोकला थांबवा काय ते. आठ दिस झाले, घरात कुनाच्या डोळ्याला डोळा न्हाय."

कफ सिरप. खोकला थांबवा. रुचिताचा हात फळीवर गेला, लाल औषधाची बाटली खाली आली, पिशवीत पडली. "दिवसातून तीनदा, दोन-दोन चमचे," तिने सांगितलं. माणूस पळाला. पळता पळता मागे वळून काहीतरी बोलला, पण तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला आणि पुढच्या बाईने डोकेदुखीचं मलम मागितलं. रुचिताने मलम काढून दिलं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या मृणालबाई आल्या. घसा बसलेला, आवाज फाटलेला. "मला कफ सिरप दे गं," त्या म्हणाल्या, "पण कफ नाही हं मला, नुसता खोकला आहे." आणि स्वतःच हसल्या. "बघ ना, काय गंमत आहे. इंग्रजीत कफ म्हणजे खोकला, आपल्यात कफ म्हणजे छातीतला चिकटा. उच्चार एकच. बाटलीवर कफ सिरप लिहिलंय म्हणजे ते कफाचंच औषध, असं आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा सगळे धरून चालतात."

रुचिताही हसली. हसता हसता फळीकडे गेलेला तिचा हात तिथेच राहिला. काल हॉर्नखाली गेलेलं वाक्य आता अख्खंच्या अख्खं तिच्या कानात आलं होतं. "छातीत नुसता कफ भरलाय, आता निघंल समदा." असं म्हणाला होता तो. त्याने मराठीत मागितलं होतं आणि तिने इंग्रजीत दिलं होतं.

"काय झालं गं?" मृणालबाईंनी विचारलं. रुचिताने त्यांची बाटली काढून दिली, वेळा सांगितल्या, आणि मग गणराजशेठांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. तिने कालचं सगळं सांगितलं.

शेठांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, पण दुकान म्हणजे त्याचा जीव. "एका बाटलीने काय होतंय?" ते म्हणाले. "लोक बाटल्यांवर बाटल्या रिचवतात. आणि तू जाऊन सांगणार काय? चुकीचं दिलं म्हणून? उद्या इथे कोण येईल?" रुचिता हलली नाही, तसे ते पुढे म्हणाले, "बरं, नाव माहीत आहे का त्याचं? गाव? मग जाशील कुठे?"

हे मात्र खरं होतं. ती परत काउंटरला आली. एक गोळ्यांचं पाकीट दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजायला घेतलं. डोक्यात दुसरंच मोजमाप चालू होतं. सोमवारी संध्याकाळी घरी पोचल्या पोचल्या एक डोस. झोपताना दुसरा. आज सकाळी तिसरा. दुपारी जेवणानंतर चौथा. म्हातारी म्हणाला होता, म्हणजे सत्तरीच्या पुढची, छाती भरलेली. घड्याळात साडेअकरा झाले होते. माणसाला आपली चूक कळावी आणि ती कुठल्या घरात जाऊन बसली आहे हे कळू नये, यासारखी तगमग नाही.

मग तिला दावं आठवलं. नवंकोरं होतं, पिवळ्या नायलॉनचं, गाठही न सुटलेलं. बोर्लीत दावी मिळतात ती बाजारातल्या एकाच दुकानात. शेठ "अगं, ऐक तर" म्हणेपर्यंत तिने फळीवरून ओल्या खोकल्याच्या पांढऱ्या औषधाची एक बाटली उचलली, पर्समध्ये टाकली आणि ती चपला पायांत सरकवत पायरी उतरली.

काल पिवळं दावं कुणी नेलं, हे सांगायला तिथल्या दुकानदाराला विचार करावा लागला नाही. "पिवळं ना? कातळवाडीचा मोरू. गाय व्यायलीय त्याची, वासराला घेऊन गेला. का गं, पैसं राह्यलं का त्याचं?"

"त्याचं नाही, माझंच राहिलंय," रुचिता म्हणाली आणि स्कूटी सुरू केली.

कातळवाडी बोर्लीपासून पाऊण तासावर, खाडीच्या अंगाला. रस्ता कसला, खड्ड्यांच्या मधून मधून डांबर होतं. पाऊस तोंडावर मारत होता. रुचिताने परीक्षेत ज्या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क घेतले होते, ते उत्तर आता तिला वाटभर छळत होतं. छातीतल्या नळ्यांना आतून बारीक लव असते, डोळ्याला दिसत नाही अशी. ती रात्रंदिवस चिकटा वर वर सारत असते. आजारपणात चिकटा वाढतो, घट्ट होतो, लवेच्याने रेटत नाही, तेव्हा खोकला मदतीला येतो आणि धक्का मारून तो बाहेर काढतो. ओल्या खोकल्याची औषधं खोकला थांबवतच नाहीत, हे लोकांना शंभरदा सांगून पटत नाही. एक औषध चिकट्यातले धागे तोडून तो पातळ करतं. दुसरं नळ्यांना पाणी सुटायला लावतं, म्हणजे तो ओला होऊन निसटतो. तिसरं आवळलेली नळी सैल करतं. ती घेतल्यावर माणूस आधी जास्तच खोकतो, बेडके पडतात, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन भांडायला येतं, तुमच्या औषधाने वाढलं म्हणून.

लाल बाटलीविरुद्ध मात्र भांडायला कुणी येत नाही. ती छातीच्या वाटेला जातच नाही. ती थेट डोक्यात जाते, खोकल्याचा हुकूम जिथून सुटतो तिथे, आणि हुकूम देणाऱ्यालाच गप्प करते. वर तिच्यात सर्दीचं गुंगी आणणारं औषध असतं, ते ओल सुकवतं, चिकटा आणखी घट्ट करतं. मृणालबाईंसारख्या कोरडं खोकून बरगड्या दुखणाऱ्या माणसाला ती वरदान आहे. भरलेल्या छातीच्या म्हातारीला ती काय आहे, हे रुचिताला मनातल्या मनातही म्हणवत नव्हतं. तिने गाडी आणखी पिटाळली आणि एका वळणावर चिखलात आडवी झाली. गुडघा सोलला. ती उठली, आधी पर्समधली बाटली फुटली नाही ना बघितलं, मग गाडी उचलली.

वाडीच्या अलीकडे रस्ता संपला. पुढे खारशेतीचा बांध, त्यावरून पायवाट. डाव्या हाताला खाडीचं गढूळ पाणी, उजव्या हाताला पोटरीला आलेलं भात. ओहोटी लागली होती. बांधाच्या मधोमध उघाडीपाशी, म्हणजे शेतातलं पाणी सोडायच्या दारापाशी, एक माणूस डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन उभा होता आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी उघाडीच्या फळीखालून धो-धो खाडीत जाताना बघत होता. तोच होता.

त्याने तिला ओळखलं आणि त्याचा चेहरा फुलला. "ताई, तुम्ही? हिकडं? अवो, औषध एक नंबर दिलंत तुम्ही. म्हातारी रातीपासनं खोकलीच न्हाय. आठ दिसांनी घर झोपलं आमचं."

रुचिताला वाटलं, इथूनच मागे फिरावं. एवढा आनंदी माणूस तिने त्या आठवड्यात पाहिला नव्हता. "आता कशी आहे?" तिने विचारलं.

"झोपलीय. निसती झोपूनच हाय. चा पन घेतला न्हाय."

"मोरूदादा, ते औषध चुकीचं होतं. मी चुकीचं दिलं."

त्याला कळलं नाही. खोकला थांबवणारं औषध चुकीचं कसं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. रुचिताने मेंदू, नळ्या, लव असं काहीतरी सुरू केलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण नेहमीसारखं भराभर बोलतोय आणि हा माणूस नुसता आपल्या तोंडाकडे बघतोय. आयुष्यात पहिल्यांदा ती मुद्दाम थांबली. समोर पाणी धावत होतं.

"दादा, ही उघाडी आत्ता बंद केलीत तर काय होईल?"

"आत्ता? सुकतीला? येडं हाय का कोन? आतलं पानी आतच ऱ्हाईल. भात कुजंल समदं."

"खोकला म्हणजे ती उघाडी, दादा. आजीच्या छातीत पाणी साचलंय आणि ते तिथून बाहेर पडत होतं. मी काल ती बंद केली."

मोरूने तिच्याकडे बघितलं, मग उघाडीकडे. अंगावरची खोळ त्याने तिथेच टाकली आणि बांधावरून पळत सुटला. रुचिता सोललेला गुडघा घेऊन त्याच्या मागे पळाली.

घरात मोरूची बायको कमळ पदराला हात पुसत बाहेर आली. "आवो, हळू बोला. आत्ताच चवथं औषध पाजलं, झोपल्यात." रुचिता तशीच आत गेली. मोरूची आई ठमाबाई गोधडीवर आडवी होती, लहानखुरी, गालाची हाडं वर आलेली. श्वास भराभर चालला होता, ओठ काळसर पडले होते. रुचिताने छातीला कान लावला. आत हंड्यातलं पाणी हलावं तसा आवाज होता आणि त्या आवाजावर खोकल्याची एक उबळसुद्धा येत नव्हती. तिने हाका मारल्या. म्हातारीने डोळे अर्धे उघडले आणि परत मिटले.

पर्समधल्या पांढऱ्या बाटलीचं आता काही काम उरलं नव्हतं. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात औषध काय, पाणीसुद्धा घालायचं नसतं. "दवाखान्यात न्यायचंय, आत्ताच्या आत्ता," ती म्हणाली. "आधी बसती करा. आडवी ठेवू नका." तिने आणि कमळने म्हातारीला उचलून टेकून बसवलं.

"पन काल तर बरं वाटत व्हतं त्यास्नी," कमळ म्हणाली. तेव्हा रुचिताने तिलाही सांगितलं, सरळ, एका वाक्यात. कमळने तिच्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आमी अडानी म्हनून तुमच्याकडं येतो ना?" 

बांधावरून गाडी येत नाही. मोरूने प्लास्टिकची खुर्ची आणली, दोन बांबू आणले आणि वासराच्या गळ्यातलं नवं पिवळं दावं सोडून त्याने बांबू खुर्चीला करकचून बांधले. म्हातारीला कमळच्या लुगड्याने खुर्चीला आवळलं. पुढे मोरू, मागे शेजारचा एक गडी, आणि बाजूने म्हातारीची मान धरून रुचिता. बांध निसरडा होता. रुचिताचा एक पाय सारखा भातात जात होता. ठमाबाईचं डोकं तिच्या हाताच्या आधारावर होतं आणि ती प्रत्येक पावलाला ऐकत होती, श्वास चालू आहे ना. रस्त्याला लागल्यावर रिक्षा मिळाली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर शिवानी होत्या, नव्याने आलेल्या, तिशीच्या आतल्या. त्यांनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा पाहिला आणि त्या भराभर कामाला लागल्या. नाकाला ऑक्सिजन, हाताला सुई, तोंडाला वाफेचं मशीन. रुचिताने निघताना घरातून उचललेली लाल बाटली पुढे केली आणि सांगितलं, काय दिलं, किती दिलं, कोणी दिलं. शेवटचा शब्द तिने "मी" असा उच्चारला. डॉक्टरांनी एकदा मान वर करून पाहिलं. "चार डोस? बरं. आता बाहेर बसा. गुंगी उतरून त्या खोकल्या पाहिजेत. तोवर मी काही सांगत नाही."

बाहेर बसा म्हणणं सोपं. व्हरांड्यात एक बाक होता, त्यावर कमळ बसली. मोरू खांबाला टेकून उभा राहिला. रुचिता व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. फोन वाजत होता, शेठांचा. तिने तो उचलला नाही. परेशचा आला, तो उचलला, आणि "नंतर बोलते" म्हणून ठेवला. दोन वाजले, अडीच वाजले. आतून दुसऱ्या कुणाच्या तरी पोराचं रडणं आलं, भांडं पडल्याचा आवाज आला. जो आवाज हवा होता तो येत नव्हता. आठवडाभर दुकानात खोकणाऱ्या माणसांनी तिला वीट आणला होता. आता एका खोकल्यासाठी ती गावदेवीला नवस बोलून बसली होती आणि नवसात काय देणार तेही तिला सुचत नव्हतं. कमळ तिच्याकडे बघत नव्हती, ते बरंच होतं.

चाराच्या आसपास आतून आवाज आला. पहिल्यांदा बारीक, घसा खरवडल्यासारखा. मग मोठा. मग एक लांबलचक, ओला, छातीच्या तळातून उपसून काढलेला खोकला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, तिसरा. कमळ धावत आत गेली. रुचिता जिथे होती तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने कमळ बाहेर आली, दिवसभरात पहिल्यांदा तिच्याकडे बघून म्हणाली, "पडला. हिरवा, घट्ट. केवढा तरी." हे ऐकल्यावर रुचिता बाकावर बसली. बसली आणि रडायला लागली. कमळ तिच्या शेजारी बसून राहिली, हात मात्र तिने लावला नाही.

म्हातारी आठ दिवस दवाखान्यात होती. रुचिता रोज दुकान उघडायच्या आधी जाऊन यायची, पाठीवर ओंजळीने थापटून कफ कसा सुटतो ते कमळला दाखवायची, कोमट पाणी पाजायची. पांढऱ्या औषधाने म्हातारी जास्तच खोकायची आणि जास्त खोकली की रुचिताला शिव्या द्यायची. शेठांनी तिला कामावरून काढलं नाही. चार दिवस बोलले नाहीत, इतकंच.

गोष्ट इथे संपती तर रुचिता हळूहळू विसरली असती. माणूस विसरतो. पण ठमाबाई घरी गेली आणि तिने आपल्या बाजूने आपली गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिला बांध आठवत नव्हता, खुर्ची आठवत नव्हती. दवाखान्यातलं तिला आठवत होतं ते तोंडावरचं वाफेचं भांडं आणि दंडातल्या सुया. आणि त्याच्या आधीचं आठवत होतं ते एवढंच, की आठ रात्री जीव नकोसा झाला होता, मग बोर्लीच्या पोरीचं लाल गोड औषध पोटात गेलं आणि आईच्या मांडीवर यावी तशी झोप लागली. बरी झाली ती त्या औषधानेच, यात तिला काडीची शंका नव्हती. सुया उगीच टोचल्या, पोरगा भित्रा. हे ती लग्नात, बारशात, पाण्यावर, एस.टी.त, भेटेल त्याला सांगायची. म्हातारीचा आवाज खणखणीत, आणि आता छातीही मोकळी झालेली.

पंधरा दिवसांत पहिलं गिऱ्हाईक आलं. "ती ठमाबाईची लाल बाटली द्या."  मग दुसरं आलं, मग कुठून कुठून येऊ लागले, म्हसळ्याहूनसुद्धा. कुणाच्या कडेवर घरघरणारं पोर, कुणाचा बाप बाहेर रिक्षात बसलेला. सगळ्यांना तीच हवी. शेठ कुजबुजले, "अगं, मागताहेत तर दे की, नाव झालंय बाटलीचं." आपली चूक कुणी विसरत नाही म्हणून माणसं कुढतात. हिची चूक लोक कौतुकाने मागायला येत होते.

तेव्हापासून ती विचारायला लागली. सुका की ओला? आणि ओला म्हटलं की सांगायला लागली, ती बाटली चुकून दिली होती, माझ्या हातून, म्हातारी मरता मरता वाचली.  शंभराव्या वेळीही हे सांगणं सोपं झालं नाही. काहींना ते खरं वाटत नाही. औषध संपलं असेल म्हणून बाई बनाव करते, असं म्हणून ते पुढच्या मेडिकलकडे जातात. मग रुचिता काउंटरला वळसा घालून रस्त्यावर येते, त्यांच्या मागे जाते आणि भर बाजारात पुन्हा सगळं सांगते.

गेल्या महिन्यात ठमाबाई स्वतः आली. मोरू पायरीशी उभा राहिला. म्हातारी आता आणखी वाकली आहे, पण काउंटरपर्यंत तिचं तोंड पोचतं. तिने सुकटीची पुडी वर ठेवली. "पोरी, खोकला झालाय. माजी बाटली दे."

"आजी, सुका की ओला?"

"मला ईचारतेस व्हय ते? अगं, तुजं समदं नाव माज्यामुळं झालं." दुकानातली माणसं हसली. रुचिता हसली नाही. चार वर्षं ती साऱ्या गावाला जे सांगत आली होती, ते तिने या एकाच बाईला कधी सांगितलं नव्हतं. म्हातारीला झोपेचं तेवढंच सुख आठवत होतं, ते काढून घ्यायचा धीर तिला झाला नव्हता.

"आजी, ती बाटली मी चुकून दिली होती," ती म्हणाली. "त्या झोपेतून तू उठली नसतीस."

  ठमाबाईने काउंटरवरून हात पुढे केला, रुचिताचा पंजा ओढून घेतला, आपल्या छातीवर दाबून धरला आणि खोकली. एकदा, दोनदा, पोटातून.

"सांग आता तूच," ती म्हणाली. "काय हाय?"

रुचिताच्या तळव्याखाली छातीत काहीतरी हललं. पाठीमागे सहा गिऱ्हाइकं खोळंबली होती, स्टँडात गाडीने हॉर्न दिला. तिने हात काढला नाही.

"अजून एकदा खोक, आजी," ती म्हणाली.